चंचल मन, स्थूल देह

शाळांच्या पालकसभांत वर्षानुवर्षे ऐकू येणाऱ्या तक्रारींची यादी केली, तर तिच्यात दोन तक्रारी हटकून सापडतील. पहिली, मुलाचे अभ्यासात लक्ष नाही. दुसरी, मुलाचे वजन फार वाढले आहे. पहिली तक्रार शिक्षक पालकांकडे करतात, दुसरी पालक डॉक्टरांकडे करतात. दोहोंचा निकाल बहुधा एकाच पद्धतीने लागतो. लक्ष न देणारे मूल उनाड ठरते, वजन वाढलेले मूल खादाड ठरते. एकाला शिस्तीचा आणि दुसऱ्याला जिभेवर ताबा ठेवण्याचा उपदेश होतो. उपदेशाचा उपयोग झाला नाही, की मूलच आळशी असा शेरा मारून प्रकरण मिटविले जाते. हे दोन्ही उपदेश पुष्कळदा एकाच मुलाला ऐकावे लागतात, ही गोष्ट मात्र शिक्षकांच्या, पालकांच्या आणि कधी कधी डॉक्टरांच्याही ध्यानात येत नाही.

ती ध्यानात न येण्याला कारणही तसेच आहे. चळवळे मूल म्हणजे किडकिडीत मूल, त्याच्या अंगाला काही लागत नाही, आणि गुटगुटीत मूल म्हणजे शांत, सुखवस्तू घरातले, ही समजूत घरोघरी मुरलेली आहे. एका जागी न बसणाऱ्या मुलाच्या अंगावर चरबी चढेल कशी, हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत जगभर झालेल्या संशोधनाने या समजुतीला धक्का दिला आहे. बालपणी ज्यांना अवधानाचा विकार असतो, त्यांच्यात लठ्ठपणाचे प्रमाण इतरांहून कमी नव्हे, तर अधिक आढळते. आणि या दोन गोष्टींची मुळे कोठे तरी एकमेकांत गुंतली असावीत, या शक्यतेकडे बोट दाखविणारे काही पुरावे पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतूनच मिळाले आहेत. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या या शहराने तरी त्यांची दखल घ्यावयास हवी.

खोडी की विकार?

अवधानाचा विकार ही अलीकडची टूम आहे, असे मानणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली वैद्यांपुढे दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धीने उणी नसूनही ज्यांना स्वतःच्या वर्तनाला आवर घालता येत नाही अशा मुलांचे वर्णन केले होते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या विकारसूचीत ‘अवधानाची उणीव’ या नावाने त्याची नोंद केली, आणि १९८७ साली त्या नावात अतिचंचलतेची भर पडली. आज डॉक्टर मंडळी ज्याला ‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी ओळखतात, तो हाच विकार होय.

कोणतेही मूल कधी ना कधी चंचल असतेच. म्हणूनच निदानाची कसोटी कडक ठेवण्यात आली आहे. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. ती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकावी लागतात. ती केवळ शाळेत किंवा केवळ घरी नव्हे, तर निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात. आणि त्यांच्यामुळे मुलाच्या शिक्षणात वा नित्याच्या जीवनात खरोखरीच अडथळा यावा लागतो. गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहणारा, पण मैदानावर तासभर तन्मयतेने खेळणारा आणि घरी नीट वागणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. उलटपक्षी, कोणाला त्रास न देता शेवटच्या बाकावर स्वप्नात हरवलेली मुलगी तिच्यात बसू शकते. विकाराच्या एका प्रकारात चंचलता जवळजवळ नसतेच. केवळ अवधान टिकत नाही. अशा मुली वर्गाची शिस्त मोडत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि ‘बिचारी जरा मंद आहे’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते.

आकडे काय सांगतात

लठ्ठपणाशी या विकाराचा संबंध आहे काय, हा प्रश्न प्रथम रुग्णालयांत विचारला गेला. लठ्ठपणावर उपचार घेण्यास येणाऱ्यांत अवधानाचा विकार अपेक्षेपेक्षा अधिक दिसू लागला, तेव्हा संशोधकांचे कुतूहल जागे झाले. पुढे निरनिराळ्या देशांत पाहण्या झाल्या. २०१६ साली अशा ४२ अभ्यासांचा एकत्रित ताळेबंद मांडण्यात आला. त्यांतील व्यक्तींची संख्या ७ लाख २८ हजारांवर होती. अवधानाचा विकार असलेल्या मुलांपैकी १०.३ टक्के मुले लठ्ठ आढळली. विकार नसलेल्या मुलांत हे प्रमाण ७.४ टक्के होते. प्रौढांत ही तफावत आणखी रुंदावली. विकार असलेल्यांत २८.२ टक्के, नसलेल्यांत १६.४ टक्के. न्यूयॉर्कमध्ये बालपणीच हा विकार निश्चित झालेल्या मुलग्यांचा तेहेतीस वर्षांनी पुन्हा शोध घेण्यात आला, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या त्या पुरुषांपैकी ४१.४ टक्के लठ्ठ झाले होते, तर तुलनेसाठी निवडलेल्या पुरुषांत हे प्रमाण २१.६ टक्के होते.

हे आकडे वाचताना दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले असे, की शंभरांत दहा मुले लठ्ठ याचा अर्थ नव्वद मुले लठ्ठ नाहीत. तेव्हा चंचल मुलाच्या आईबापांनी उद्यापासून त्याच्या ताटातली पोळी मोजू लागण्याचे कारण नाही. दुसरे असे, की दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे त्यांतील एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. परंतु बालपणी असलेली थोडी तफावत वयाबरोबर वाढत जाते, हे लक्षणीय आहे. बालपण ही उपाय करण्याची वेळ आहे, हे त्यावरून सूचित होते.

संबंध जुळतो कसा?

अवधान म्हणजे केवळ पुस्तकावर खिळलेली नजर नव्हे. अनेक प्रेरणांतून एकीची निवड करणे, उरलेल्यांना थांबवून धरणे आणि हाती घेतलेले काम तडीस जाईपर्यंत थांबणे, या साऱ्या शक्तींचा त्यात समावेश होतो. मेंदूच्या पुढच्या भागाकडे असलेले हे कारभारीपण ज्याच्यात दुबळे असते, त्याला फळ्यावरील उदाहरण सोडविताना जी अडचण येते, तीच डब्यापुढे येते. भूक लागली आहे की केवळ कंटाळा आला आहे, पोट भरले आहे की नाही, यांचा विचार करण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. आणि थांबणे हेच तर त्याला जड जाते. सकाळी न्याहारीचे भान राहत नाही, दुपारचा डबा अर्धा परत येतो, आणि संध्याकाळी समोर दिसेल ते खाल्ले जाते. यात हावरेपणा नसतो. वेळेचे आणि पोटाचे गणित चुकलेले असते.

दुसरा दुवा झोपेचा. अवधानाचा विकार असलेल्या मुलांना रात्री झोप लागण्यास पुष्कळदा त्रास होतो. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीचे अवधान आणखी ढासळते, आणि त्याच अपुऱ्या झोपेने भूक वाढून गोड व तेलकट पदार्थांकडे मन ओढ घेते. उलट बाजूने, अति लठ्ठ मुलांना घोरण्याचा व झोपेत श्वास अडखळण्याचा विकार जडू शकतो. त्यांची झोप तुटते आणि दिवसा ती वर्गात पेंगतात किंवा चिडचिडी होतात. म्हणजे मन देहाला ओढते आणि देह मनाला, असे हे चक्र आहे.

तिसरा दुवा रक्तातला आहे. अवधानाच्या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांची तपासणी करणारा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. या विकाराची प्रवृत्ती वाढविणारे जनुकीय भेद आणि देहाचे वजन वाढविणारे जनुकीय भेद काही अंशी एकच आहेत, असे त्यात दिसून आले. अर्थात प्रवृत्ती म्हणजे प्रारब्ध नव्हे. २०१६ च्या ताळेबंदात एक गोष्ट अशीही आढळली, की ज्यांच्या अवधानाच्या विकारावर औषधोपचार चालू होते, त्यांच्यात लठ्ठपणाचे प्रमाण इतरांहून अधिक नव्हते. या औषधांनी भूक मंदावते हे त्याचे एक कारण असू शकेल; म्हणून वजन उतरविण्यासाठी ती द्यावीत असा निष्कर्ष कोणी काढू नये. विकार ओळखला जाऊन त्याची देखभाल झाली, तर पुढचे अनर्थ टळू शकतात, एवढीच आशा त्यातून घ्यावयाची.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा निरास केला पाहिजे. साखर खाल्ल्याने मुले चंचल होतात असे अनेक पालक मानतात. तिचे नियंत्रित प्रयोग झाले आहेत, आणि १९९५ साली त्यांचा एकत्रित विचार केला असता साखरेचा मुलांच्या वर्तनावर वा अवधानावर परिणाम दिसला नाही. साखर कमी करण्यास दातांची, यकृताची आणि वजनाची कारणे भरपूर आहेत. परंतु खाऊ बंद केल्याने अवधान सुधारेल, ही अपेक्षा ठेवणाऱ्यांच्या पदरी निराशाच येईल, आणि तिचा राग पुन्हा त्या मुलावरच निघेल.

पुण्याजवळच्या खेड्यांतील दाखला

आता पुण्याकडे वळावयाचे. येथील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या मातांचे सरासरी वजन गर्भधारणेपूर्वी सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलो वजनाची भरली; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सरासरी वजन होते ३.५ किलो. पण खरा चमत्कार वजनात नव्हता. पुण्याच्या बाळाचे स्नायू, पोट, सारे काही लहान होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसण्यात कृश, पण देहरचनेत स्थूल अशा या बाळाचे वर्णन २००३ साली ‘कृश-स्थूल भारतीय बाळ’ या अर्थाच्या शब्दांनी जगापुढे आले. पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचेच उदाहरण छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, देहातील चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांच्या ९.१ टक्के, तर पुणेकर डॉक्टरांच्या २१.२ टक्के होती.

या मातांच्या रक्ताच्या तपासणीत असे आढळले, की सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव होती, तर फोलेटची उणीव जवळजवळ कोणातच नव्हती. बी-१२ हे दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. शाकाहारामुळे म्हणा किंवा दूध विकून चहापुरतेच घरी ठेवण्याच्या गरिबीमुळे म्हणा, ते या मातांच्या वाट्याला फारसे येत नव्हते. मुले सहा वर्षांची झाली, तेव्हा ज्यांच्या मातांत फोलेट अधिक होते त्यांच्या देहात चरबीही अधिक दिसली. आणि ज्यांच्या मातांत फोलेट अधिक व बी-१२ कमी होते, त्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत प्रबळ होती. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट हीच. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी याच मुलांविषयीचा दुसरा निबंध आला, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. नऊ वर्षांच्या वयात काही मुलांच्या बौद्धिक कसोट्या घेण्यात आल्या. गरोदरपणी बी-१२ अगदी कमी असलेल्या मातांची ४९ मुले एका बाजूस, आणि ते सर्वाधिक असलेल्या मातांची ५९ मुले दुसऱ्या बाजूस. बुद्धिमत्तेच्या कसोटीत दोन्ही गट सारखेच उतरले. फरक पडला तो दोन ठिकाणी. अवधान टिकवून धरण्याची कसोटी पुरी करण्यास पहिल्या गटाला सरासरी १८२ सेकंद लागले, दुसऱ्याला १५९. आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगण्यात पहिला गट मागे पडला. मुले बुद्धीने उणी नव्हती. त्यांचे अवधान उणे पडत होते. वर्गातील शिक्षक ज्या मुलाविषयी ‘डोके आहे, पण लक्ष नाही’ असे म्हणतात, त्याचीच ही आकड्यांतील आकृती म्हणावी लागेल.

अर्थात संयम येथेही राखला पाहिजे. कसोटीला तेवीस सेकंद अधिक लागणे म्हणजे अवधानाचा विकार जडणे नव्हे. मैसूर येथे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अशाच अभ्यासात मातेच्या बी-१२ चा मुलांच्या बुद्धिविकासाशी स्पष्ट संबंध आढळला नाही. उलट मातेचे फोलेट अधिक असणे हितकारक दिसले. फोलिक आम्लामुळे गर्भाच्या मज्जारज्जूचे गंभीर व्यंग टळते, तेव्हा त्या गोळ्या नाकारणे हा तर अविचारच ठरेल. परंतु देहात चरबी कोठे व किती साठवावी आणि मेंदूने अवधान किती काळ धरावे, या दोहोंची घडण मातेच्या उदरात एकाच काळात, एकाच अन्नावर होत असते, हा या संशोधनाचा इशारा दृष्टिआड करता येणार नाही. ज्याला शिक्षक उनाडपणा आणि शेजारी खादाडपणा म्हणतात, त्याची काही मुळे मूल जन्मण्यापूर्वीची असू शकतात.

शहराचा दिनक्रम

जन्मतःच असा देह घेऊन आलेले मूल पुण्यासारख्या शहरात वाढू लागते, तेव्हा काय होते? सकाळी अर्धवट झोपेत त्याला व्हॅनमध्ये किंवा स्कूटरवर बसविले जाते. शाळेत पाच-सहा तास बाकावर, तेथून शिकवणीत दोन तास खुर्चीवर, आणि रात्री मोबाइलच्या पडद्यापुढे अंथरुणावर. ज्या शहरात तालमींची परंपरा पेठापेठांत रुजली होती आणि ज्या शहरात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापून शारीरिक शिक्षणाची पताका उभारली, त्याच शहरात आज खेळ हा क्रीडाशिबिराची फी भरून विकत घेण्याचा पदार्थ झाला आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास अंगमेहनतीचा खेळ वा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुण्यातील किती मुलांच्या वेळापत्रकात तो तास सापडेल?

त्यातही एका रूढीचा विशेष उल्लेख केला पाहिजे. वर्गात लक्ष न देणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून पी.टी.च्या तासाला वर्गात बसवून ठेवणे, किंवा मधल्या सुटीत अपुरा अभ्यास लिहावयास लावणे, ही पद्धत अनेक शाळांत आहे. शिक्षकांचा हेतू वाईट नसतो. साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्याच्या हाती दुसरे साधन तरी कोणते असते? परंतु व्यायामाने मुलांचे अवधान सुधारते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे ज्या मुलाला त्या तासाची सर्वांत अधिक गरज, त्याच्याकडूनच तो हिरावून घेतला जातो. मन अस्वस्थ राहते, देह जड होतो, आणि शिक्षेचे कारण वाढतच जाते. घरी याची दुसरी बाजू दिसते. दहा मिनिटे एका जागी बसल्याबद्दल चॉकलेट, गृहपाठ पुरा केल्याबद्दल पिझ्झा, हे आमिष दाखविले जाते. लक्ष देण्याचे मोल खाण्यात चुकते करण्याची ही सवय पुढे मोडता मोडत नाही.

शाळेच्या फाटकाबाहेर मोह उभाच असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली नियम करून शाळेपासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त चरबी, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मुलांच्या झोपेचा विचार करून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय घेतला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु ५० मीटरचे अंतर कोणी मोजावयाचे, आणि पालकांना कचेरी गाठावयाची असते तेव्हा नऊची शाळा परवडते कोणाला, या प्रश्नांपाशी असे निर्णय अडखळतात. नियमाची अंमलबजावणी ही नेहमीच नियमाहून अवघड असते.

करावयाचे काय?

‘पूर्वी नव्हती का चंचल मुले? छडीने सरळ होत होती,’ असा आक्षेप येथे घेतला जाईल. पूर्वी ती होतीच. त्यांतील कित्येक चौथी-सातवीत शाळा सोडून शेतावर, दुकानात, कारखान्यात गेली आणि शाळेच्या हिशेबातून पुसली गेली. ती सरळ झाली नव्हती, दिसेनाशी झाली होती. शिवाय तेव्हा त्यांचे देह राबत होते आणि अन्न मोजकेच होते. आज तीच मुले दहावी-बारावीपर्यंत वर्गात बसतात, आणि अन्नाची मुबलकता व हालचालीची टंचाई अशा जगात राहतात. दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. प्रत्येक खोडीला विकाराचे नाव देऊन आपण मुलांच्या कपाळी कायमचा शिक्का मारीत नाही काय? हा धोका खरा आहे, आणि त्यावर उपाय एकच. निदान शिक्षकाने करू नये, शेजाऱ्याने करू नये, मोबाइलवरील प्रश्नावलीने तर मुळीच करू नये. ते तज्ज्ञानेच करावे. शिक्षकाचे काम पाहण्याचे आणि वेळीच सुचविण्याचे आहे.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. शाळांतून आणि अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमाच्या विकारसूचीत अवधानाच्या विकाराचा समावेश आहे, आणि मुलांची उंची व वजनही त्यात मोजले जाते. या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याची दृष्टी तेवढी हवी. भारतीय मुलांसाठी वाढीचे जे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केले, त्यांच्या रचनेत पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. आपली मुले बेताच्या वजनातही अधिक चरबी बाळगतात, हे जाणून त्या तक्त्यांत अतिवजनाची रेषा प्रौढांच्या २३ आणि लठ्ठपणाची रेषा २७ या निर्देशांकाशी जुळवून आखली आहे. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. शाळेच्या दप्तरात हा तक्ता असावा, आणि त्यावरून कोणाला हिणवू नये, हे दोन्ही शिकवावे लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमतेला स्थान मिळाले. अवधानाच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. त्या मुलांना परीक्षेत थोडा अधिक वेळ, पुढच्या बाकावरची जागा, तुकड्यातुकड्यांनी दिलेला अभ्यास एवढे तरी शाळेच्या पातळीवर देण्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि यातील मोठा भाग कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या खिशाला न परवडणारा नाही. ठरलेल्या वेळी झोप, ठरलेल्या वेळी एकत्र जेवण, पडद्याविना एक तास, शाळेत जाताना शक्य तेवढी पायपीट, बक्षीस म्हणून खाऊऐवजी पर्वतीची टेकडी, यांना फी लागत नाही. लागतो तो आईबापांचा वेळ. आणि दोघेही नोकरी करणाऱ्या घरात तोच सर्वांत महाग असतो, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच हा भार एकट्या आईवर टाकून मोकळे होता येणार नाही.

त्या सहा खेड्यांची कथा येथे संपलेली नाही. १९९३ नंतर जन्मलेली ती बाळे वयात आली, तेव्हा २०१२ साली त्यांच्यावरच एक नवा प्रयोग सुरू झाला. किशोरवयीन मुलामुलींना रोज केवळ दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आले. पुढे त्यांतील मुलींची लग्ने झाली, त्यांना मुले झाली. दोन वर्षांच्या त्या मुलांच्या कसोट्या घेतल्या असता, ज्यांच्या मातांना बी-१२ मिळाले होते त्यांची आकलनाची व भाषेची प्रगती, ते न मिळालेल्या मातांच्या मुलांहून सरस दिसली. २०२१ साली हे निष्कर्ष छापून आले. मुलांची संख्या थोडी आहे, आणि मोठा निर्णय करण्यास आणखी पुरावा लागेल. तरीही दिशा स्पष्ट आहे. वर्गातल्या मुलाच्या अवधानाची आणि त्याच्या देहाची चिंता त्याच्या डब्यापाशी सुरू करून चालणार नाही. ती आज सातवी-आठवीत शिकणाऱ्या मुलीच्या ताटापासून सुरू झाली पाहिजे. आणि जी मुले आज वर्गात बसली आहेत, त्यांच्यापुरते एवढे तरी व्हावे, की त्यांच्या प्रगतिपुस्तकावर ‘आळशी’ हा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकाची लेखणी क्षणभर थांबावी, आणि पी.टी.च्या तासाची घंटा झाली म्हणजे त्या मुलालाही मैदानावर जाऊ द्यावे.